मागच्या चाकाचा रबरी बुश

मोटारीच्या सुट्या भागांना वाचा होती आणि मालकांना नुसती हौस होती, त्या काळची गोष्ट. निरंजन कर्णिकांची मोटार आठवडाभर कचेरीत जाई आणि रविवारी शर्यतीच्या मैदानात धावे. वळणावर तिची मागची बाजू जराशी डुलते, एवढ्यासाठी त्यांनी मागच्या चाकाच्या सांध्यातलं रबरी कडं, म्हणजे जुना रबरी बुश, काढून तिथे चकचकीत पोलादी बुश बसवला.

"आजोबा, जन्मभर दबलात हो," पोलादी बुश म्हणाला. "मी कुणापुढे दबत नाही."

"मग खड्ड्याचा धक्का जाणार कुठे, बाळा?"

"जाईना का कुठेही! माझ्याकडे थांबणार नाही."

रबरी बुश गॅरेजच्या फळीवर जाऊन पडला. पुढच्या शनिवारी भंगारवाला यायचा होता. रविवारी मोटार मैदानात झकास पळाल्याचं कानावर आलं, तेव्हा त्याने आपली आशा सोडली.

सोमवारी कचेरीचा रस्ता लागला. पोलादी बुशाने खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा मोटारीच्या सांगाड्याला दिला, सांगाड्याने सीटला दिला, आणि सीटने, पुढे दुसरं कुणीच नसल्यामुळे, कर्णिकांच्या कंबरेला दिला.

शुक्रवारी कर्णिक गॅरेजात उतरले ते वाकूनच. "अहो मिस्त्री, तो जुना रबराचा आहे का अजून?"

रबरी बुश आपल्या जागी परत बसला. फळीवरून पोलादी बुश ओरडला, "शेवटी दबणाराच लागला ना यांना?"

"कुणालातरी दबावंच लागतं रे," रबरी बुश म्हणाला. "आठवडाभर कर्णिकांनी दबून पाहिलं."