सुतकातला चुना

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते कधीच गेले. जांभूळखेडं नावाच्या गावात टेकवड्यांची आळी होती. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळी एकच भावकी. एकाच्या घरी पाहुणा आला तर कोंबडं दुसऱ्याच्या खुराड्यातलं जायचं, आणि एकाच्या घरी माणूस गेलं तर सुतक साऱ्या आळीला लागायचं.

सुतक फिटायचं, पण या भावकीचा एक जास्तीचा रिवाज होता. माणूस गेलं की वर्षभर आळीत रंग नाही. भिंतीला चुना नाही, दारात रांगोळी नाही, चौकटीला तोरण नाही. गेलेल्याचा मान म्हणून कुणीतरी हा रिवाज घातला होता. घालणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण भावकी वाढत गेली, आणि एकाचं वर्ष सरायच्या आत दुसरं कुणीतरी डोळे मिटायचं. मग पुन्हा पहिल्यापासून वर्ष. असं होता होता आळी चुलीच्या धुरानं काळीठिक्कर पडली. असं म्हणतात, आळीतली एक पोर परगावी लग्नाला गेली, तर दारातली रांगोळी बघून तिथंच थिजली. "काय सांडलंय हे? पाय कुठं ठिवू?" म्हणून रडायलाच लागली. मांडवातल्या बायांना हसावं की रडावं कळेना.

त्या आळीत ठकूबाई राहायची. पोटी मूलबाळ नव्हतं. ती आणि तिचा नवरा भागुजी, दोघंच. भिंत एकदा तरी पांढरी बघायची, एवढीच भागुजीची हौस होती.

एका साली नवल झालं. वर्ष सरत आलं तरी आळीत कुणी गेलं नाही. मग काय विचारता! म्हाताऱ्यांची अशी बडदास्त आळीनं कधी ठेवली नव्हती. कुणी नुसतं शिंकलं तरी चार घरांतून काढा यायचा. दिवाळीच्या तोंडावर वर्ष पुरं व्हायचं होतं. भागुजी स्वतः बैलगाडी घेऊन नदीपलीकडच्या भट्टीवर गेला आणि साऱ्या आळीला पुरेल एवढा कळीचा चुना घेऊन आला. ढीग उतरवला, भिंतीला टेकून बसला, ठकूबाईकडून तांब्याभर पाणी मागून प्याला, आणि मान टाकली. बसला तो उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली. भागुजीला अग्नी देणारा त्याचा पुतण्या नामा चुन्याच्या ढिगापाशी थांबला आणि म्हणाला, "म्हाताऱ्याला आणखी चार दिस दम निघत नव्हता व्हय?"

कुणी त्याला गप्प केलं नाही. उलट दोघातिघांनी माना हलवल्या.

उंबऱ्याच्या आत बसलेल्या ठकूबाईनं ते ऐकलं आणि तिचं रडणंच थांबलं. तिनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. भागुजीसाठी त्यातलं एकही तोंड रडत नव्हतं. सगळी चुन्याकडं बघत होती. गेल्या साली थोरल्या जावेच्या तिरडीमागं चालताना आपणही मनात हेच म्हटलं होतं, ते तिला आठवलं. मेलेल्यांचा मान म्हणून जे पाळलं, त्याच्यापायी आळी दरसाल आपल्याच मेलेल्यांना शिव्या घालत होती. आता तिच्या धन्याची पाळी होती.

ती उठली. हातात काकण नाही, कपाळाला कुंकू नाही, अशी ती बाई भर उन्हात बाहेर आली. घमेलंभर चुना तिनं पाण्याच्या हौदात ओतला. विस्तव नाही, लाकूड नाही, आणि पाणी खदखदा उकळायला लागलं. पोरं किंचाळून आईच्या पदराआड गेली. चुना निवायचीही वाट न बघता ठकूबाईनं कुंचा बुडवला आणि स्वतःच्या घराच्या भिंतीवर फराटा ओढला.

बायांनी तोंडाला पदर लावले. भावकीचा थोरला, तिचा दीर केरबा, धावत आला.

"ठकू! कुंचा खाली ठेव! सुतकात भिंत रंगवतीस? डोकं फिरलं का तुझं?"

थोरल्या दिरासमोर ठकूबाईनं आजवर ब्र काढला नव्हता. त्या दिवशी ती त्याच्या डोळ्यांत बघून बोलली, याचाच धक्का आळीला जास्त बसला.

"सुतक माझं हाय, भावजी. त्यांच्या सगळ्यांत जवळची मीच. चुना लागला, आता माझ्या धन्याला कशापायी शिव्या द्याल?"

केरबा म्हणाला, "दहाव्याला कावळा सांगंल. पिंडाला न्हाई शिवला, तर तू या भावकीत न्हाईस."

दहाव्यापर्यंत ठकूबाई एकटीच रंगवत राहिली. मदतीला कुणी आलं नाही. असं म्हणतात, तिच्या हातांची सालं निघाली पण हौदातला चुना बोटभरही उतरला नाही. असंही म्हणतात, की पलीकडच्या डोंगरावरच्या धनगरांना दिवसाढवळ्या चांदणी दिसली. ती तिची भिंत होती.

दहाव्याला सगळं गाव नदीवर जमलं. पिंड मांडला. कावळा येईना. ऊन चढलं, तरी येईना. ठकूबाई वाळूत मान खाली घालून बसली होती. भावकी सुटेल याचं तिला भय नव्हतं. भय होतं ते भागुजीलाच राग आला असेल का, याचं.

केरबानं बोलायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. गावाकडून एकच कावळा येत होता. अंग काळंभोर, पण चोच पांढरीफेक, चुन्यानं माखलेली. आधी तो ठकूबाईच्या ओल्या भिंतीवर चोच घासून आला होता, असं म्हणतात. सरळ पिंडावर उतरला, शिवला आणि उडून गेला. नामा मटकन खाली बसला आणि "काका, काका" करत ओक्साबोक्शी रडला. ठकूबाईशिवाय भागुजीसाठी आळीतलं कुणी रडलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

केरबा पुढं निघाला. ठकूबाई आळीत पोचली तेव्हा तो थोरला माणूस धोतर खोचून स्वतःची भिंत रंगवत होता.

तेव्हापासून जांभूळखेड्यात कुंचेकरी आहेत. त्यांना अध्यक्ष नाही की पावतीपुस्तक नाही. ज्याला हौस, तो कुंचेकरी. आता ते गावभर फिरतात, भिंतींवर वेलबुट्ट्या काढतात, रस्त्याकडेला झाडं लावतात, पार धुतात. पण गावात माणूस गेलं की बाकी सगळी कामं थांबतात. दहावा झाला की बादल्या घेऊन ते त्या घरी जातात, भाकरी आपली आपण बांधून. आधी ठकूबाईचं नाव घेतात. पहिला फराटा सगळ्यांत जवळच्या माणसानं ओढायचा. हात थरथरला तर कुणीतरी मनगट धरतं. मग सगळी मिळून रंगवतात आणि रंगवता रंगवता गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगतात. कधी मोठ्यानं हसतातही.

रस्त्यानं जाणारा नवखा माणूस ती ओली भिंत आणि गर्दी बघून हमखास विचारतो, "लगीन निघालंय काय हो घरात?"

"न्हाई," कुणीतरी हातातला कुंचा न थांबवता सांगतं, "आमची आई गेली."