गेनबाची हाय लेव्हल क्रियापदं

कोथळवाडी गावात शहाण्यांचा सुकाळ होता. भोळा मात्र एकच होता, गेनबा. त्याला कुणी 'जरा बैलाकडं बघ' म्हटलं, की तो दिवस मावळेपर्यंत बैलाकडं बघत बसे. बैल कंटाळून तोंड फिरवी.

अशा मुलाचं लग्न जमवता जमवता त्याची आई, अनशाबाई, मेटाकुटीला आली होती. शेवटी हिवरगावच्या रंगरावांनी होकार दिला, पण अट घातली. जावई इंग्रजी बोलणारा पाहिजे, आणि साधं इंग्रजी चालणार नाही, वरच्या दर्जाचं पाहिजे. रंगरावांना स्वतःला इंग्रजीचा गंध नव्हता. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो शिकलेला, एवढीच त्यांची पारख. त्यांची मुलगी मंदाकिनी बारावी झालेली, तिला इंग्रजी चांगलं येत होतं. पण तिला कोण विचारतो?

अनशाबाईनं गेनबाला फडतरे सरांच्या 'हाय लेव्हल इंग्लिश क्लास'मध्ये घातलं. क्लास पिठाच्या गिरणीच्या माडीवर भरे. सुटला की पोरं पांढरीफटक होऊन खाली येत आणि लोक कौतुकानं म्हणत, बघा, इंग्रजीचा गुण लागायला लागला.

फडतरे सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की 'कम' आणि 'गो' गडीमाणसांसाठी असतात. मोठ्या माणसानं मोठी क्रियापदं वापरावीत. आणि शब्द शिकला की लगेच वापरायचा, नाहीतर तो दुधासारखा नासतो. शब्द तोंडानं म्हणायचा, क्रिया हातानं करायची.

पहिलं क्रियापद होतं कॉन्ग्रॅच्युलेट. म्हणजे अभिनंदन करणं. सर म्हणाले, गर्दी जमलेली दिसली, लोक मोठमोठ्यानं बोलताना दिसले, की हात हातात घ्यायचा, हसायचं आणि कॉन्ग्रॅच्युलेट म्हणायचं.

गेनबा माडी उतरला. वाटेत महादू गवळ्याची कडब्याची गंज पेटली होती. गर्दी जमली होती, लोक मोठमोठ्यानं बोलतही होते. गेनबानं महादूच्या हातातली बादली काढून बाजूला ठेवली, त्याचा हात हातात घेतला, हसला आणि म्हणाला, "कॉन्ग्रॅच्युलेट." महादूनं हात सोडवून घेतला आणि गेनबाच्या गालावर ठेवला. गंज जळून गेल्यावर बाकीचेही मोकळे झाले, मग त्यांनीही ठेवले.

गेनबा सुजलेलं तोंड घेऊन सरांकडे गेला. सर म्हणाले, "शब्द चांगला होता, जागा चुकली. तिथे एक्स्टिंग्विश करायचं. म्हणजे विझवायचं. जाळ दिसला की विचारत बसायचं नाही, पाणी ओतायचं."

दुसऱ्या दिवशी गेनबाला जाळ दिसला. तो गुऱ्हाळाच्या चुलाणात होता. वर काहिलीत उसाचा रस रटरटत होता आणि गूळ आता घटकाभरात उतरायचा होता. गेनबा विचारत बसला नाही. "एक्स्टिंग्विश," म्हणाला आणि हौदातून बादल्या भरभरून त्यानं चुलाण गार केलं. उरलेली बादली खबरदारी म्हणून काहिलीत ओतली. गुळव्या आता आपले आभार मानणार, असं त्याला वाटत होतं. गुळव्याच्या हातात ऊस होता.

"शब्द चांगला होता, जागा चुकली," सर म्हणाले. तिथे अप्रिशिएट करायचं असतं, म्हणजे दाद द्यायची. माणसं घाम गाळताना दिसली की थांबायचं, मान डोलवायची, वा वा म्हणायचं, आणखी येऊ द्या म्हणायचं.

गेनबा घाम गाळणारी माणसं शोधत रानात गेला. बांधावर शिवराम आणि सखाराम हे दोघे सख्खे भाऊ घामानं निथळत होते. दोघांच्या हातांत काठ्या होत्या. बांध कुणाचा, यावरून त्यांचं जुनं वाकडं होतं आणि त्या दिवशी ते काठीवर आलं होतं. गेनबा सावली बघून बसला आणि मान डोलवू लागला. "वा, शिवरामआण्णा, ह्यो फार झकास बसला. सखारामदादा, आता तुमचा येऊ द्या. अप्रिशिएट."

भाऊ थांबले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक वर्षांत प्रथमच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. त्या दिवसापासून बांधाचा तंटा कायमचा मिटला, पण त्याचं श्रेय गेनबाला कुणी दिलं नाही. लंगडत मात्र तोच आला.

दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न होतं आणि सरांना पंगतीचं आवतण होतं, म्हणून त्यांनी घाईघाईत शिकवलं. "शब्द चांगला होता, जागा चुकली. तिथे सेपरेट करायचं. दोन माणसं समोरासमोर उभी ठाकली, हात उगारले, भोवती गलका झाला, की सेपरेट म्हणायचं आणि ज्याला त्याला आपापल्या घरी पाठवायचं. दोघं आपापल्या घरी पोचल्याशिवाय ते क्रियापद पुरं होत नाही."

त्या संध्याकाळी गावात कुणी भांडलंच नाही. शब्द वापरायचा राहिला. नासेल की काय, या काळजीनं गेनबाला जेवण गेलं नाही.

वराच्या आईनं अक्षता पडताना पाहायच्या नाहीत, अशी त्यांच्यात रीत होती. म्हणून अनशाबाई सून घरात घ्यायची तयारी करत मागं राहिली. वऱ्हाड निघताना तिनं लेकाला जवळ घेतलं. "आज त्वांड उघडू नगंस, बाबा. भटजी सांगतील तेवढंच कर."

"इंग्रजीत उघडलं तर?" गेनबानं विचारलं.

अनशाबाईला रंगरावांची अट आठवली. "इंग्रजीत चालंल," ती म्हणाली.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. गेनबानं समोर पाहिलं. समोरच्या माणसानं दोन्ही हात उगारले होते, हातांत हार होता. आपलेही हात उगारलेलेच होते. भोवतीचे लोक दोघांवर मुठी भरभरून काहीतरी फेकत होते, वाजंत्री कानठळ्या बसवत होती. भटजी इतका वेळ 'सावधान, सावधान' का ओरडत होते, ते गेनबाला आत्ता कळलं. भांडणाऱ्यांतले एक आपणच, याचा त्याला थोडा घोळ वाटला. पण शब्द कालचा होता आणि नासायला आला होता.

"सेपरेट," गेनबा गरजला. हार भटजींच्या हातात दिला आणि मंदाकिनीला म्हणाला, "तुमी तुमच्या घरी जावा. मी माज्या घरी जातो." आणि मांडवाबाहेर पडला.

रंगरावांनी फडतरे सरांना गाठलं आणि हळूच अर्थ विचारला. अर्थ सांगावा तर उद्या क्लास बंद पडणार. ते म्हणाले, "वरच्या दर्जाच्या लोकांत असंच असतं." रंगरावांनी जाणत्यासारखी मान हलवली. ते बघून सगळ्या वऱ्हाडानं हलवली. आपल्याला कळलं नाही, हे कबूल कोण करणार?

नावाला म्हणून रंगरावांनी लेकीलाही विचारून घेतलं. मंदाकिनी मुंडावळ्या सोडतच होती. "आबा, त्यांचं इंग्रजी अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. "ते म्हणतात तसंच करू या." आणि ती पुढे होऊन घराकडे चालू लागली. वऱ्हाड जेवायला बसलं. जेवण उत्तम झालं होतं.

इकडे अनशाबाई उंबऱ्यावर धान्यानं भरलेलं माप ठेवून, ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. या सुनेसाठी तिनं किती उंबरे झिजवले होते, ते तिचं तिला माहीत. गेनबा एकटाच आला. डोक्याला बाशिंग, तोंडावर हसू.

"सून कुठं हाय?" तिनं विचारलं.

"तिच्या घरी पोचली आसंल," गेनबा म्हणाला. "आणि आई, आज मला कुनीबी मारलं न्हाई. म्हंजी जागा बराबर लागली."

तेवढी कसर अनशाबाईनं उंबऱ्यावरचं माप उचलून भरून काढली.