टोकाच्या शेताचा चिखल

हात जोडू नका, तो देव नाही. दरवर्षी पाहुणे येतात, या दगडाला कुंकू लावतात आणि मग मला ते खरवडून काढावं लागतं. नीट बघा. हा साधा उभा दगड आहे, माझ्या शेताच्या दाराशी रोवलेला. दार म्हणजे पाटाचं पाणी शेतात घ्यायला बांधाला पाडलेली वाट. दगडावर जे जाडजूड थर दिसतात ते शेंदराचे नाहीत, चिखलाचे आहेत. इथून दीड कोसावर, पाटाच्या अगदी शेवटी एक शेत आहे. पाणी सुटलं की आधी त्या शेताला मिळतं, आणि मग तिथला माणूस मूठभर ओला चिखल घेऊन इथवर चालत येतो. तो चिखल या दगडाला लागल्याशिवाय बंधाऱ्याजवळच्या या पहिल्या शेतानं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पहिलं शेत माझं. माझं नाव झिपरू आनंदा बोरसे. आज पाण्याच्या पाळीचा तिसरा दिवस आहे आणि चिखल अजून आलेला नाही. माझा गहू मागे सुकतोय, ते तुम्हाला दिसतंच आहे. तोवर बसा, सांगतो.

गोष्ट गोजराबाई देशमुखिणीची. या साऱ्या खोऱ्याची देशमुखी तिच्या सासरी होती आणि नवरा गेल्यावर कारभार तिच्या हातात आला. असं सांगतात, की तिच्या आधी या वाघुळी नदीचं पाणी पावसाळा संपला की निघून जायचं आणि माणसं पोट भरायला माळव्यात जायची. तिनं हा बंधारा बांधला, पाट खोदला, चाळीस शेतं भिजवली. दोनदा बंधारा फुटला, तिसऱ्यांदा टिकला. तिसऱ्यांदा पायात जिवंत माणूस पुरला, असंही काही लोक म्हणतात. प्रत्येक बंधाऱ्याबद्दल लोक हेच म्हणतात, म्हणून मी ते सोडून देतो. चांगला चुना आणि चांगला गवंडी मिळाला असेल.

बंधारा टिकला आणि बाई लोकांना देवासारखी झाली. खरी चूक तिथेच झाली. तिचं स्वतःचं शेत म्हणजे हेच, पाटाच्या तोंडाशी. पाणी सोडणारा पाटकरी होता तोताराम नावाचा. पाळीच्या दिवशी तो आधी बाईचं दार उघडायचा, आणि ते बंद करायला कुणी धजायचंच नाही. जिनं पाणी आणलं तिचं दार आपण कोण बंद करणार? बाईनं कधी जास्त पाणी मागितलं नव्हतं, म्हणे. असेलही. पण तिनं कधी विचारलंही नसणार. शेत तुडुंब भरायचं, वरचं पाणी ओहोळानं परत नदीत जायचं, आणि येणारे-जाणारे वाकून नमस्कार करायचे. एवढे नमस्कार बघितले की मला धडकीच भरते. जिथे इतके लोक वाकतात तिथे खाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.

खाली शेवटच्या शेतात भुराबाई राहायची. नवरा नव्हता, दोन मुली होत्या. दोन वर्षं तिचा गहू वीतभर वाढून पिवळा पडला. तिसऱ्या वर्षीही तेच व्हायला लागलं. हे पीक गेलं तर मुलींना घेऊन माळव्याची वाट धरायची, एवढंच तिच्यापुढे उरलं होतं. भुराबाईचा स्वभाव संशयी. हा दोष आहे असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही. एका सकाळी ती फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या कडेनं वर निघाली. वाटेतल्या प्रत्येक शेतकऱ्याला तिनं चोर म्हटलं. प्रत्येकानं शिव्या दिल्या आणि वरच्याकडे बोट दाखवलं. असं करत करत अडतीस दारं झाली आणि ती इथे येऊन उभी राहिली. समोर पाणी ओहोळात वाहून जात होतं. बांधावर गोजराबाई बसली होती, भोवती पाच-पंचवीस माणसं.

भुराबाई म्हणाली, "बाई, चोर सापडना. तो तूच शे." म्हणजे चोर सापडला, आणि तो तूच आहेस.

आमच्या अहिराणीत आईलाही 'तू'च म्हणतात, तेव्हा त्या 'तू'चं कुणाला काही वाटलं नाही. पण 'चोर' शब्दावर तोतारामनं काठी उगारली. गोजराबाईनं हात वर करून त्याला थांबवलं. आता ती लगेच विरघळली असं सांगणारे आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. तिलाही आधी संशयच आला. देशमुखीवर डोळा ठेवून असलेल्या आपल्या दिरानं ही बाई शिकवून पाठवली असणार, असं तिला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "चाल, दखाड." म्हणजे चल, दाखव.

दोघी दीड कोस चालत खाली गेल्या. पालखी मागवली नाही, हे सगळेच सांगतात, तेव्हा खरं असावं. शेवटच्या शेतात गोजराबाई वाकली आणि तिनं एक ढेकूळ उचललं. बोटांत दाबल्यावर त्याची धूळ झाली. एवढा बंधारा आपण बांधला, आणि आपल्याच नावाच्या धाकानं एका बाईचं घर उठत होतं, हे तिला त्या धुळीत कळलं. ती म्हणाली, "वरनं वावर आजपासून तुनं. हाई मनं."

म्हणजे तिनं शेताची अदलाबदल केली. खोऱ्यातलं सगळ्यात चांगलं रान दिलं आणि सगळ्यात वाईट घेतलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणे. भुराबाईच्या नाही आलं. तिनं विचारलं, "कसाले देस?" कशासाठी देतेस? तीन दिवस तिनं या शेतात पाऊल टाकलं नाही. चौथ्या दिवशी येऊन चारही कोपरे खणून पाहिले, आत काही पुरलंबिरलं तर नाही ना. काही निघालं नाही, तेव्हा कुठे मुलींना घेऊन राहायला आली. मला ही बाई फार आवडते.

पुढे तीन-चार वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. पाट करंगळीएवढा वाहू लागला. वरच्यांनी जमेल तसं पाणी ओढून घेतलं आणि टोकाचं शेत कोरडं राहिलं. ते आता गोजराबाईचं होतं. सगळं खोरं डोळे लावून बसलं, की आता बाईचे स्वार येणार आणि चाबूक दाखवून दारं बंद करायला लावणार. देशमुखीण होती, एका शब्दाचं काम होतं. तिनं तो शब्द काढला नाही. स्वार आले नाहीत, निरोप आला नाही. ती आपली सुकत्या गव्हात उभी असलेली दिसायची.

इथे गोष्टीत चमत्कार येतो. माघी पौर्णिमेला पाणी आपोआप चालत टोकाला गेलं, वाटेतल्या एकाही दारात शिरलं नाही, असं सांगतात. गावच्या जत्रेत हेच सांगतात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं हेच नाटक करतात. मी सत्तर वर्षं पाणी बघतोय. उघडं दार दिसलं की पाणी आत शिरतंच. ते पुढे गेलं असेल, तर कुणीतरी दारं बंद केली असणार.

माझा आजा सांगायचा ते मला पटतं. भुराबाईनं आपलं दार स्वतः बंद केलं. तेव्हा तिच्या ओंब्यांत दाणा भरत होता, एक पाणी चुकलं तर अर्धं पीक जाणार होतं. तिनं दारात माती घातली, दगड लावले आणि वर बसून राहिली. शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलं, हे काय खूळ? ती म्हणाली, "मना गहू मरू दे. वर बशीसन माले चोर व्हवानं नही." म्हणजे वर बसून मला चोर व्हायचं नाही.

त्या शेजाऱ्याला वाटलं, हिच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, आपण एकटेच घेत राहिलो तर नाव आपलं होईल. त्यानंही दार बंद केलं. तिसऱ्यानं दुसऱ्याकडे पाहून केलं. कुणी लाजेनं, कुणी भीतीनं, कुणी निव्वळ संशयानं. पण केलं. चार दिवसांनी गोजराबाई पाटाच्या कडेनं चालत वर आली. हाताची मूठ बंद होती. तिनं मूठ उघडून ओला चिखल या दगडावर थापला आणि भुराबाईला म्हणाली, "पानी पोचनं. आते तू ले." पाणी पोचलं, आता तू घे.

भुराबाईचा अर्धा गहू तोवर जळाला होता. अर्धा वाचला, मुली खोऱ्यात राहिल्या. त्यांतल्या धाकटीच्या वंशातले आम्ही, असं आमच्या घरात सांगतात. पहिल्या शेताच्या मालकाला असं सांगणं सोयीचंच असतं, म्हणून त्यावरही माझा पुरता विश्वास नाही.

ती रीत पुढे खालच्या बंधाऱ्यांनी उचलली, मग शेजारच्या खोऱ्यानं. पाण्यावरून फुटणारी डोकी फुटायची थांबली. परवा एक गुरुजी येऊन लिहून घेऊन गेले, की एका बाईनं या मुलखाचं जग बदललं. मी विचारलं, कोणत्या? त्यांनी गोजराबाईचं नाव लिहिलं. तिच्या समाधीवर छत्री आहे, छत्रीत दिवा लागतो. भुराबाईच्या नावाचा दगडसुद्धा नाही. मला याचा राग येतो. तरी गोजराबाईचं देणं मी नाकारत नाही. मोठ्या माणसाला तोंडावर चोर म्हणणारे निघतात कधीमधी. ते ऐकून दीड कोस खाली चालत जाणारं मोठं माणूस मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

आता माझं विचाराल, तर मी भुराबाईच्या वळणाचा. आजही पाळी लागली की मला वाटतं, यंदा खालचे लोक फसवणार, पाणी पिऊन गप्प बसणार, चिखल काही आणणार नाहीत. सत्तर वर्षांत एकदाही तसं झालेलं नाही, पण मनातून जात नाही. पोरगा म्हणतो, बाबा, मग थोडं आधीच घ्या ना, कोण बघतंय. आणि आजही पाळीच्या पहिल्या सकाळी, कुणी सांगायला यायच्या आत, हे दार मी माझ्याच हातानं बंद करतो.