रानमांजरीने झाकलेले तेल

एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक रानमांजरी राहत असे. तिच्याइतकी टापटिपीची बाई साऱ्या जंगलात दुसरी नव्हती. सकाळ-संध्याकाळ अंग चाटून लख्ख करायची, आणि घाण केली की पंजाने माती ओढून ती झाकल्याशिवाय जागची हलायची नाही. मुलांनो, तुमच्यापैकी काहीजण पसारा पलंगाखाली सरकवून खोली आवरतात ना, तशीच तिचीही पक्की समजूत होती, की जे दिसत नाही ते साफ झाले. उताराच्या पायथ्याशी एक झरा होता आणि झऱ्याच्या डबक्यात एक बेडकी राहत होती. दोघींचे छान मेतकूट होते. मांजरी पाणी प्यायला आली की बेडकी आपल्या शेपटीवाल्या पिल्लांची गाऱ्हाणी सांगे, "एक मेलं ऐकत नाही गं माझं!" आणि मांजरी म्हणे, "माझी तरी कुठे ऐकतात?"

एकदा घाटातून जाणारा एक टँकर वरच्या वळणावर थांबला आणि उरलेले जळके तेल उतारावर ओतून निघून गेला. काळ्या चिखलाचे मोठे थारोळे झाले. रानमांजरीला ते बघवेना. तिने दिवसभर खपून माती ओढली, वर पाचोळा पसरला आणि शेपटी उंच करून सगळ्यांना बोलावले. "बघा, आहे का कुठे काही?" सगळ्यांनी तिची वाहवा केली. तिला स्वतःचाही फार अभिमान वाटला.

पुढे पाऊस झाला, आणि झऱ्याच्या पाण्यावर रंगीबेरंगी तवंग आला. बेडकीची कितीतरी पिल्ले उलटी होऊन तरंगू लागली. "तू झाकलेलं तेल माझ्या घरात निघालं," बेडकी रडत म्हणाली. मांजरी आधी फणकारली, "मी केव्हाच साफ केलंय ते!" आणि तरातरा वर जाऊन आणखी माती ओढू लागली. जवळच पाचोळा उकरत असलेली रानकोंबडी फांदीवर उडून बसली, कारण मांजरीपासून चार हात लांब राहण्याइतकी ती शहाणी होती. तिथून ती म्हणाली, "बाई गं, झाकली मूठ सव्वा लाखाची असते, झाकलेली घाण नव्हे. पाणी मुरतं तसं तेलही मुरतं." मांजरीचा पंजा थांबला. ती खाली गेली आणि मेलेल्या पिल्लांकडे कितीतरी वेळ बघत बसली. मग तिने पळसाच्या पानात जिवंत पिल्ले घेतली, पान अलगद दातांत धरले आणि थेंबही न सांडता त्यांना खडकातल्या पाण्याच्या खळग्यात नेऊन सोडले. आपली पिल्लेही तिने इतक्या जपून कधी उचलली नव्हती.

"ही इथं कशीबशी मोठी होतील," बेडकी म्हणाली. "पण पुढच्या पावसाळ्यात अंडी घालायला मला माझा झरा हवा. नाही मिळाला तर मी हे जंगल सोडून जाईन."  मांजरी धावत जाऊन ती तेलकट माती उकरायला रानडुकराला घेऊन आली. जमीन उकरतो म्हणून एरवी सगळ्यांच्या शिव्या खाणारे रानडुक्कर खूश होऊन म्हणाले, "उकरायचंच ना? सगळी काळी माती काढतो आणि पलीकडच्या दरीत ढकलून देतो!" बेडकी हळूच म्हणाली, "पलीकडच्या दरीतही कुणाची तरी पिल्लं असतीलच की." रानडुक्कर ओशाळले. तेव्हा फांदीवरून रानकोंबडी म्हणाली, "उकिरड्यात काय जिरत नाही? ती माती सपाट कातळावर पातळ पसरा, शेण नि पाचोळा मिसळा, ओल राखा आणि रोज उलथा. मातीतले बारीक जीव हळूहळू तेल खाऊन टाकतील. रोज उलथायला मीही येईन, पण माझ्याकडे त्या नजरेनं बघायचं नाही!" मांजरीने मान खाली घालून कबूल केले.

रानडुकराने काळी माती उपसली. तेल सांडलेली जागा आणि झरा यांच्यामध्ये त्याने आडवा चर खणला. खालून झिरपणारे तेलकट पाणी चरात अडू लागले. त्यावरचा तवंग वाळल्या गवताने टिपायचा आणि ते गवतही कातळावरच्या मातीत मिसळायचे, हे काम मांजरीचे. चराच्या काठाने त्यांनी खोल मुळांनी माती धरून ठेवणारे वाळ्याचे गवत लावले. मांजरीचे पंजे काळे झाले, मिशा चिकट झाल्या, आणि तेल पोटात जाईल म्हणून चाटायचीही सोय नव्हती! कित्येकदा ती रडकुंडीला येई, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कातळावर हजर होई. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. कातळावरच्या मातीचा वास हळूहळू बदलला. मग ती माती त्यांनी पुन्हा जुन्या खड्ड्यात भरली.

पावसाळा आला. झऱ्याचे पाणी नितळ दिसू लागले, पाण्यावर किडे पळू लागले. बेडकी मात्र काठावरच्या दगडावर बसून राहिली. "उतर ना गं," मांजरी म्हणाली. "मागे उतारही असाच स्वच्छ दिसत होता," बेडकी म्हणाली. "तेव्हाही तूच म्हणाली होतीस, साफ झालं म्हणून."

मांजरीला ते फार लागले, पण खोटे नव्हते. ती तडक वर गेली. जिथे तिने तेल झाकले होते तिथेच तिने आपल्या नखांनी खोल उकरले, तळाचे एक ओले ढेकूळ तोंडात धरून आणले आणि बेडकीपुढे ठेवले. "हुंगून बघ," ती म्हणाली. बेडकीने हुंगले. मातीला मातीचाच वास येत होता, आणि ढेकळातून एक गांडूळ वळवळत बाहेर आले. बेडकीने मैत्रिणीच्या चिखलाने भरलेल्या तोंडाकडे पाहिले, टुणकन पाण्यात उडी मारली आणि त्याच दिवशी तिथे अंडी घातली.

तात्पर्य : घाण झाकली की ती शेजाऱ्याच्या दारी निघते, ती उकरून, धीर धरून निस्तरली तरच घर पुन्हा घर होते आणि तुटलेला विश्वासही जुळतो.