कोंबडीला भ्यालेले जहागीरदार

त्या दिवशी वारा असा सुटला होता, की माणसं एका हाताने टोपी धरून दुसऱ्या हाताने सलाम करत होती. बुडनभाई भिस्ती पाण्याची कातडी पखाल पाठीवर घेऊन मशिदीचा हौद भरायला आला, तर समोर जहागीरदार नुसरतखान उभे.

"बुडन, मी कोंबडीला भिऊन भर बाजारातून पळालो, असं गावभर झालंय. घरोघर पाणी घालणारा तूच. तूच पसरवलंस."

"मी नाही, हुजूर."

"मग आज उन्हं कलायच्या आत, अस्रच्या नमाजाआधी, बातमीचं मूळ माझ्या हवेलीच्या दारात आण. नाहीतर पखाल ठेव आणि गाव सोड."

आता ज्याला विचारावं तो म्हणणार, लोक म्हणतात. लोकांना कुठून धरून आणायचं? बुडनभाई हौदाच्या काठावर बसून राहिला. आत मौलवीसाहेब रोजच्यासारखे मुलांना शिकवत होते : हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांचं बोलणं-वागणं, सांगताना आधी सांगायचं, आपण कुणाकडून ऐकलं आणि त्याने कुणाकडून. साखळीत एक जरी बेभरवशाचा निघाला, तरी ते पक्कं धरायचं नाही.

बुडनभाई उठला.

दुपारी हवेलीच्या दारात चौघे उभे. ज्याच्याकडून ऐकलं त्याची बाही धरायची, एवढंच बुडनभाईने त्यांना सांगितलं होतं.

पिंजाऱ्याने शिंप्याची बाही धरली. शिंपी उसळला, "मी नुसतं उठून गेले म्हणालो. बाजार तू कुठून आणलास?" त्याने न्हाव्याची धरली.

"उठून कुठे गेले? मी ताट ढकललं म्हणालो," न्हावी म्हणाला. त्याने बावर्च्याची धरली.

"ताट कोण ढकलतंय? आज कोंबडी नको म्हणाले, एवढंच मी बोललो."

"आणि तू कुणाकडून ऐकलंस रे?" जहागीरदार गरजले.

बावर्ची पुढे आला. त्याने जहागीरदारांचीच बाही धरली. "पोट बिघडलंय, असं आपणच म्हणालात, हुजूर."

जहागीरदार बाही सोडवून घेत म्हणाले, "बुडन, तूही ऐकलं असशीलच."

"अकरा घरी ऐकलं."

"मग तुझी बाही कुणीच कशी धरली नाही?"

"माझे दोन्ही हात पखालीच्या तोंडाला, हुजूर. अकरा घरी पाणी ओतलं. बातमी जिथली तिथेच ठेवली."

जहागीरदार असे हसले, की टोपी उडून बाजाराकडे गेली आणि तिच्यामागे हुजूर खरोखरच पळाले. परत आल्यावर त्यांनी बुडनभाईला एक दुभती बकरी दिली. शिवाय सांगितलं, यापुढे हवेलीचे निरोप हाच नेणार.

तो बकरी घेऊन गल्लीत शिरतो, तोच शेजारची राबियाचाची दारातून म्हणाली, "बुडनभाई, हत्ती मिळाला म्हणे तुला. बांधणार कुठे?"