मांडवाचा माड

फार पूर्वी, डोंगराच्या उतारावर एक म्हातारा बागाईतदार राहत असे. चाळीस पोफळी, वर एक झरा आणि अंगणाच्या कडेला एक उंच भेरला माड, एवढाच त्याचा पसारा. त्या माडाला माणसे आपापल्या कामापुरते नाव देत. माडी काढणारे त्याला सुरमाड म्हणत. सुतार म्हणे पन्हळीचा माड, कारण खोड कोरले की झऱ्याचे पाणी वाहून आणणारी पन्हळ होते. म्हाताऱ्याची बायको मात्र त्याला मांडवाचा माड म्हणायची. गावातल्या प्रत्येक लग्नाला ती त्याच्या झावळ्या द्यायची. बाकीचे माड पन्हळींपायी तुटले होते. हा एकच उरला होता.

बायको गेली त्याच वर्षी माड शेंड्याशी फुलला आणि बागेची जुनी पन्हळ कुजून मोडली.

सुतार कुऱ्हाड घेऊन आला. "आबा, पाडूया. हा वरून फुलत खाली येतो. फळांचा शेवटचा लोंगर लागला की मरतो. संपलाच समजा."

"किती वर्षं घेईल?"

"पाच-सहा. तोवर काय कळशीने शिंपणार? बागेआधी तुम्हीच वाळाल!"

म्हातारा खोडाशी गेला. शेजारणीच्या नातवाची गोधडी बायको शेवटच्या दुखण्यात अंथरुणात पडल्या पडल्या शिवत होती, ते त्याला आठवले. तो म्हणाला होता, "आता राहू दे." ती म्हणाली होती, "एवढी ओळ होऊ दे."

"राहू दे रे कुऱ्हाड," तो म्हणाला. "याची ओळ होऊ दे."

मग सहा उन्हाळे त्याने कळशीने पाणी घातले. अकरा पोफळी वाळल्या. माड लोंगरामागून लोंगर खाली उतरत गेला. उदमांजरे फळे खात आणि बिया बागेखालच्या घळीत टाकत. शेवटचा लोंगर पिकला, माड वाळला. तेव्हा म्हाताऱ्याने स्वतः सुताराला बोलावून पन्हळ करून घेतली. घळीत कोवळे माड कमरेएवढे झाले होते.

पुढे काही वर्षांनी सुताराच्या लेकीचे लग्न ठरले. तो दारात येऊन मान खाजवत उभा राहिला. "आबा, मांडवाला चार झावळ्या... म्हणजे, तुम्ही द्याल तर."

"घळीतून हव्या तेवढ्या घे," म्हातारा म्हणाला. "मांडवाला नाही म्हणायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे."

तात्पर्य: ज्याचे देणे अजून चालू आहे, त्याला संपला म्हणू नये.