येसूचा दगड

आंबेरखोलला खाडीकाठी एक सपाट काळा दगड आहे. त्याला येसूचा दगड म्हणतात. पाहुणे आले की म्हातारे विश्राम तांडेल त्यांना तिथे नेतात, चपला काढायला लावतात आणि मगच सांगायला सुरुवात करतात.

गलबतांच्या काळी, म्हणे, येसू नावाची एक बालविधवा या गावात एकटीच राहत होती. एका वादळानंतर तिला किनाऱ्यावर वेताचा पिंजरा सापडला. आत परमुलखातली दोन पाखरं होती, राखी अंगाची, लाल चोचीची, मरायला टेकलेली. येसूने त्यांना पदराखाली धरून घरी आणलं, दाणे चावून भरवले. पाखरं जगली. घरी कोणीतरी आपली वाट बघतंय, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

तेव्हा भात कापलं की घरोघरी वळचणीला चिमण्यांसाठी लोंब्या टांगत. येसूची पाखरं दोनांची कितीतरी झाली, तशी या अंगणातून त्या अंगणात लोंब्यांवर उतरू लागली. लोकांनी कौतुकच केलं. पुढे या पाखरांनी चिमण्यांची पिल्लं घरट्यांतून खाली टाकली, चिमण्या गाव सोडून गेल्या. मग थवेच्या थवे शेतांत शिरले. दोन हंगाम गावात पेजेपुरताही दाणा राहिला नाही. म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं आधी गेली.

गावाचे मानकरी बाबणी गावकर तिच्या दारी आले. "येसू, काजऱ्याच्या विषारी बिया कुटून भातात घातल्या. पाखरं शिवत नाहीत गो. घातलेलं तुझ्याच हातचं खातात."

"माझी पोरं ती," येसू म्हणाली.

"काल मी नातू पुरला," गावकर म्हणाले.

सकाळी येसूने तो विषाचा भात या दगडावर मांडला. पाखरं झाडांवरून हलेनात. येसू नेहमी आधी आपण घास घ्यायची, मग त्यांना घालायची. पाखरं तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने एक मूठ खाल्ली, दुसरी खाल्ली आणि हाक मारली. सगळी खाली आली.

गावाने तिला पाखरांसकट इथेच पुरलं, असं सांगतात.

आजही आंबेरखोलला कोणी वळचणीला लोंबी टांगत नाही. नव्या भाताचे दाणे या दगडावर ठेवतात, आधी एक आपल्या तोंडात घालून. काही वाऱ्याने जातात, काही भरतीने. पाखरू उतरत नाही.